दुसऱ्याच्या ओंजळीनं पाणी: अफगाणिस्तानात आलेला पैसा आणि त्याचा हिशेब

२००८ सालचा ऑगस्ट संपत आला होता. अफगाणिस्तानात कंदाहारहून शंभरेक गाड्यांचा ताफा निघाला. ट्रेलरवर लादलेले भाग एका जलविद्युत टर्बाइनचे होते, सगळे मिळून सुमारे २२० टन वजनाचे. जायचं होतं हेलमंड प्रांतातल्या कजाकी धरणावर, म्हणजे पावणेदोनशे-एक किलोमीटर. नेहमीच्या रस्त्यात सुरुंग पेरलेले, म्हणून ताफा वाळवंटातून आडवाटेनं गेला. दिमतीला ब्रिटिश, अमेरिकन, कॅनेडियन, अफगाण असे चारेक हजार सैनिक आणि डोक्यावर हेलिकॉप्टरं. पाचेक दिवसांनी टर्बाइन धरणावर पोचलं. मोहीम फत्ते झाल्याच्या बातम्या जगभर गेल्या.

आता ते बसवायचं. त्यासाठी शेकडो टन सिमेंट लागणार होतं, आणि सिमेंटचे ट्रक त्याच सुरुंगांच्या रस्त्यानं यायचे होते. दर खेपेला चार हजार सैनिक कोण देणार? सिमेंट आलं नाही. टर्बाइन धरणाशेजारी पडून राहिलं. ते फिरलं २०१६ मध्ये, आठ वर्षांनी.

ही गोष्ट सहसा पाश्चात्त्यांची फजिती म्हणून सांगितली जाते. मला तिच्यात वेगळंच काही दिसतं. त्या ताफ्यातल्या प्रत्येक देशाला आपापल्या संसदेला आणि आपापल्या मतदारांना काहीतरी करून दाखवायचं होतं, आणि ते दाखवून झालंही. कजाकीच्या विजेची वाट बघणारा कंदाहारचा दुकानदार किंवा गेरेश्कचा शेतकरी मात्र यातल्या कुणालाच जाब विचारू शकत नव्हता. त्यानं कुणाला मत दिलेलं नव्हतं आणि कुणाला कर भरलेला नव्हता. युद्धात सापडलेल्या देशाला बाहेरून पैसा मिळतो तेव्हा काय होतं, हे समजून घ्यायला पैशाच्या आकड्यापेक्षा हा धागा जास्त उपयोगी पडतो, असं माझं मत आहे. म्हणून हाच धागा धरून पुढे जाऊ.

आधी आकडा

तरी आकडा सांगायला हवाच. २००२ पासूनच्या वीस वर्षांत अफगाणिस्तानच्या 'पुनर्बांधणी'साठी एकट्या अमेरिकेनं सुमारे १४५ अब्ज डॉलर मंजूर केले. यात अमेरिकेच्या स्वतःच्या सैन्याचा युद्धखर्च धरलेला नाही. आजच्या रुपयांत ही रक्कम बारा-तेरा लाख कोटींच्या घरात जाते. महाराष्ट्र सरकारचा अलीकडचा वर्षाचा अर्थसंकल्प सात लाख कोटींच्या आसपास आहे, त्यावरून अंदाज यावा. मात्र या १४५ अब्जांतले ८५ अब्जांहून अधिक अफगाण सैन्य आणि पोलीस उभे करण्यावर गेले. म्हणजे 'इतका पैसा ओतला तरी देश गरीबच कसा?' असं विचारताना निम्म्याहून जास्त पैसा विकासासाठी नव्हताच, हे ध्यानात ठेवायचं.

परकीय मदत म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर गव्हाची पोती आणि औषधांची खोकी येतात. ती आणीबाणीची मदत. दुसरी विकासाची: रस्ते, शाळा, धरणं, शिक्षकांचे पगार. तिसरी लष्करी. कागदावर तिन्ही वेगळ्या असल्या तरी लढाई चालू असलेल्या मुलखात त्या एकमेकींत मिसळतात. अफगाणिस्तानात अमेरिकन सैन्यातल्या कमांडरांच्या हाती थेट निधी दिलेला होता. विहीर खणा, पूल बांधा, लोकांची मनं जिंका! 'पैसा हेही शस्त्रच' अशा अर्थाचं शीर्षक असलेली एक मार्गदर्शक पुस्तिकाच त्यांच्या सैन्यानं काढली होती. विहीर कुणाला हवी आहे यापेक्षा तालिबानचा जोर कुठे आहे, यावर मग विहिरीची जागा ठरायची. शांत जिल्ह्यांतली माणसं म्हणायची, आमच्याकडे बंदूक वाजत नाही म्हणून आमच्याकडे पैसा येत नाही.

आणखी एक भेद कळला की पुढचं सोपं होतं. बाहेरचा पैसा दोन वाटांनी खर्च होतो. एक वाट सरकारी तिजोरीतून जाते. देणारा देश पैसे अफगाण अर्थखात्यात जमा करतो, सरकार ते आपल्या अर्थसंकल्पात दाखवून खर्च करतं. दुसरी वाट तिजोरीला वळसा घालून जाते. देणारा देश आपल्याच ओळखीच्या कंपनीला किंवा संस्थेला कंत्राट देतो आणि काम परस्पर होतं. काबूलचं सरकार भ्रष्ट आणि अननुभवी आहे, या कारणानं सुरुवातीची बरीच वर्षं मोठा वाटा दुसऱ्या वाटेनंच गेला. आता हे कारण खोटं नव्हतं. पण सरकार अननुभवी म्हणून त्याच्या हाती काम नाही, आणि हाती काम नाही म्हणून अनुभव नाही. इकडे आड, तिकडे विहीर. एखाद्या जिल्ह्यात दवाखाना उभा राहायचा आणि काबूलमधल्या आरोग्यमंत्र्याला त्याची खबर नसायची. दोन वर्षांनी तिथल्या डॉक्टरच्या पगाराची जबाबदारी मात्र त्याच मंत्र्याच्या गळ्यात पडायची.

ही सवय जुनी आहे

अफगाणिस्तानात हे २००१ नंतर सुरू झालं असं मानणं चुकीचं ठरेल. एकोणिसाव्या शतकातला अफगाण राजा अमीर अब्दुर रहमान याला ब्रिटिश हिंदुस्थान सरकार १८८३ पासून वर्षाला १२ लाख रुपये तनखा देत होतं. १८९३ मध्ये ड्युरँड रेषेचा, म्हणजे अफगाणिस्तान आणि ब्रिटिश हिंदुस्थान यांच्यातल्या हद्दीचा, करार झाला आणि ती रक्कम १८ लाखांवर गेली. हा पैसा आपल्याच तिजोरीतून, म्हणजे इथल्या रयतेच्या सारा-पट्टीतून जात होता, ही कडू नोंद जाता जाता. अमीरानं त्यातून सैन्य बांधलं आणि त्या सैन्याच्या जोरावर टोळ्यांना वठणीवर आणलं. रयतेशी किंवा टोळ्यांच्या जिरग्यांशी (पंचायतींशी) घासाघीस करून कर घेण्याची गरज त्यामुळे कमी झाली.

विसाव्या शतकात शीतयुद्ध आलं आणि देणारे दोन झाले. गंमत म्हणजे कजाकी धरणाची सुरुवात अफगाणिस्ताननं स्वतःच्या कमाईतून केली होती. दुसऱ्या महायुद्धात काराकुल मेंढीच्या कोकरांची कातडी विकून डॉलर साठले होते, त्यातून एका अमेरिकन कंपनीला काम दिलं. पैसे संपले, मग कर्ज आलं, मग मदत. पुढे सालंग खिंडीतला बोगदा रशियानं बांधला, काबूल-कंदाहार रस्ता अमेरिकेनं. तेव्हाचे पंतप्रधान सरदार दाऊद म्हणे अभिमानानं सांगायचे की माझी सिगारेट अमेरिकन आणि काडेपेटी रशियन असते. ऐकायला चतुराई वाटते. पण विकासाचा बहुतेक खर्च परक्यांकडून येत असताना सरकारला खेड्यापर्यंत पोचायची निकड कशाला वाटेल?

सोव्हिएत पाठिंब्यावर उभ्या असलेल्या राष्ट्राध्यक्ष नजीबुल्ला यांच्या सरकारचं काय झालं ते तर डोळ्यांत भरण्यासारखं आहे. फेब्रुवारी १९८९ मध्ये सोव्हिएत फौजा गेल्या, तेव्हा हे सरकार काही महिन्यांत पडेल असं सगळे म्हणत होते. ते तीन वर्षं टिकलं, कारण मॉस्कोहून पैसा, तेल, धान्य येत होतं. १ जानेवारी १९९२ पासून ती रसद थांबली आणि एप्रिलमध्ये सरकार कोसळलं. फौज गेल्यावर तगलेलं सरकार पैसा थांबल्यावर चार महिने टिकलं नाही. २००१ नंतर काबूलला आलेल्या सल्लागारांनी एवढी एक गोष्ट भिंतीवर लिहून ठेवायला हरकत नव्हती.

मार्च एंडिंगची जात

मार्च महिन्यात आपल्याकडच्या कुठल्याही सरकारी कचेरीत गेलात तर जे वातावरण असतं, ते अफगाणिस्तानात वीस वर्षं होतं असं समजा. निधी ३१ तारखेच्या आत खर्ची पडला पाहिजे, नाहीतर तो परत जातो आणि पुढच्या वर्षी कमी मिळतो. अधिकाऱ्याचं मोजमाप किती खर्च केला यावर. त्यात भर म्हणजे परदेशी अधिकारी आणि सैनिक वर्ष-सहा महिन्यांनी बदलायचे. आलेल्याला देश कळायला लागेपर्यंत परतीचं विमान उभं. नवा आला की पुन्हा श्रीगणेशा.

अशा घाईतून काय काय निघालं पाहा. अफगाण हवाई दलासाठी इटलीत बनलेली वीस जुनी मालवाहू विमानं घ्यायची ठरली. कार्यक्रमाचा खर्च ५४ कोटी ९० लाख डॉलर. सुटे भाग मिळेनात, विमानं उडेनात. शेवटी काबूल विमानतळावर उभी असलेली सोळा विमानं २०१४ मध्ये भंगारात निघाली. हाती आले सगळे मिळून ३२ हजार डॉलर. भंगारवाल्याचा दर होता पौंडाला सहा सेंट.

तराखील इथलं वीज केंद्र हे याहून बोलकं उदाहरण. काबूलच्या वेशीवर अमेरिकेनं ३० कोटी डॉलरहून अधिक खर्चून १०५ मेगावॉटचं केंद्र बांधलं, चालायचं डिझेलवर. अफगाणिस्तानात डिझेल बाहेरून येतं, डोंगर ओलांडून, टँकरनं. शेजारच्या उझबेकिस्तानहून तारेवरून येणारी वीज त्याहून कितीतरी स्वस्त पडत होती. केंद्र तयार झालं आणि बहुतेक काळ बंदच राहिलं. दारात पांढरा हत्ती बांधला, पण वैरण कोण घालणार हे कुणी विचारलं नव्हतं. खरं तर अधिकाऱ्यांनी हा प्रश्न आपापसांत विचारलाही असेल. पण त्यांच्या कामाचा हिशेब ज्या कागदावर होत होता, त्यावर 'केंद्र बांधलं: होय किंवा नाही' एवढाच रकाना असणार.

रस्त्यांचंही तेच. काबूल-कंदाहार रस्त्याचं मोठ्या गाजावाजानं डिसेंबर २००३ मध्ये उद्घाटन झालं. सुरुवातीला त्यानं खरोखरच प्रवासाचे तास निम्म्याहून खाली आणले. पण डांबर टाकण्यासाठी पैसे देणारे खड्डे बुजवण्यासाठी पैसे देत नाहीत, हा जगाचा नियम. हे सगळे खर्च तपासण्यासाठी अमेरिकन काँग्रेसनं २००८ मध्ये एक स्वतंत्र महानिरीक्षक नेमला होता. त्याच्या कार्यालयानं २०१६ मध्ये अमेरिकन पैशातून झालेल्या महामार्गांचे २१ टप्पे पाहिले. त्यातले १९ खराब झालेले निघाले. आणि या कार्यालयाचे अहवाल वाचत बसलं की एक विचित्र विचार मनात येतो: हा पैसा अमेरिकन करदात्याचा होता म्हणून त्याचा इतका बारकाईनं हिशेब झाला. काबूलच्या नागरिकाला आपल्या सरकारचा असा हिशेब मागायची सोय नव्हती.

पैसा जास्त झाल्यानंही अर्थव्यवस्था आजारी पडते

हा भाग अर्थशास्त्राचा आहे, पण धरणाच्या किंवा महामार्गाच्या कामाशेजारच्या गावात राहिलेल्या कुणालाही तो लगेच कळेल. कंत्राटदाराचा कॅम्प पडतो. खोल्यांची भाडी चढतात, मजुरीचे दर चढतात, जीप असलेला प्रत्येक जण ती साहेबांना भाड्यानं देतो. शेतीला माणूस मिळत नाही. दोन वर्षं गावात पैसा खुळखुळतो. काम संपतं, कॅम्प उठतो, आणि शेती आधीपेक्षा मागे गेलेली असते.

अफगाणिस्तानात हा कॅम्प देशाएवढा होता. २००९ च्या सुमारास बाहेरून येणारी मदत देशाच्या एकूण वार्षिक उत्पन्नाच्या जवळपास बरोबरीची होती. इंग्रजी येणारा शिक्षक शाळा सोडून परदेशी सैन्याचा दुभाषा व्हायचा, कारण तिथे पगार कित्येक पटींनी जास्त. डॉक्टर संस्थांमध्ये कार्यक्रम अधिकारी झाले, इंजिनिअर गाड्या चालवू लागले. सरकारी खात्यांतही देणगीदारांच्या पगारावर नेमलेल्यांची एक समांतर फळी उभी राहिली. शेजारच्या टेबलावरच्या कायम कर्मचाऱ्याला त्यातला अंशच मिळायचा. मग तो का राबेल?

दुसरा परिणाम चलनाचा. एवढे डॉलर देशात आले की डॉलर मुबलक होतो आणि देशाचं चलन महाग होतं. चलन महाग म्हणजे बाहेरचा माल स्वस्त आणि आपला माल परदेशात महाग. पाकिस्तानचं पीठ, इराणचा साबण, चीनची चप्पल काबूलच्या बाजारात स्वस्त. मग स्थानिक गिरणी आणि कारखाना कोण काढणार? अर्थशास्त्रात याला 'डच रोग' म्हणतात, कारण नेदरलँड्समध्ये नैसर्गिक वायू सापडल्यावर तिथल्या इतर उद्योगांचं असंच झालं होतं. अफगाणिस्तानची आयात निर्यातीच्या कितीतरी पट राहिली आणि मधली दरी मदतीच्या डॉलरनं भरली गेली. वाढीचे आकडे मात्र देखणे होते: २००३ ते २०१२ या काळात सरासरी वर्षाला नऊ टक्क्यांच्या वर. २०१४ मध्ये परदेशी फौजा मोठ्या प्रमाणावर परतल्या आणि वाढ एक-दोन टक्क्यांवर घसरली. कॅम्प उठला.

डाळिंबं, मनुका, बदाम, केशर, गालिचे आणि हिंग हे या देशाचं खरं निर्यातीचं धन. आपल्या फोडणीतला बहुतेक हिंग अफगाणिस्तानातल्या डोंगरात उगवणाऱ्या झाडाच्या मुळाला चीर देऊन गोळा केलेल्या डिंकाचा असतो. एवढा टिकाऊ, हलका, महाग माल! पण वीस वर्षांच्या विकासचर्चेत त्याला कुणी हिंग लावून विचारलं नाही. शेतकऱ्यासाठी खरं नगदी पीक राहिलं अफू. ते थांबवण्यासाठी अमेरिकेनं आठ-नऊ अब्ज डॉलर खर्च केले आणि त्याच काळात लागवड वाढत गेली.

तळं राखी तो पाणी चाखी, हे ओघानं आलंच. अमेरिकन तळांवर रसद पोचवण्याचं दोन अब्ज डॉलरहून मोठं कंत्राट अफगाण वाहतूकदारांना दिलं होतं. मुख्य कंत्राटदार, पोटकंत्राटदार, त्याचा पोटकंत्राटदार अशी उतरंड. ट्रक सुखरूप जावेत म्हणून वाटेतल्या सशस्त्र टोळ्यांना पैसे मोजले जात होते, आणि त्यातला काही तालिबानपर्यंत पोचत असावा, असं अमेरिकन संसदेच्याच चौकशीत २०१० मध्ये पुढे आलं. त्याच वर्षी काबूल बँक बुडाली. सरकारी कर्मचाऱ्यांचे आणि सैनिकांचे पगार जिच्यातून होत ती ही बँक. राष्ट्राध्यक्ष करझाई यांचे एक भाऊ आणि उपराष्ट्राध्यक्षांचे भाऊ भागधारक. नंतरच्या तपासणीत दिसलं की ९० कोटी डॉलरहून मोठ्या कर्जवाटपातला ९२ टक्के पैसा १९ व्यक्ती आणि कंपन्यांकडे गेला होता. आपल्याकडे बुडालेल्या सहकारी बँकांच्या दारातल्या रांगा ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना काबूलच्या त्या सप्टेंबरचं चित्र रंगवून सांगायला नको.

लोकवर्गणी

आता दुसरी बाजू, कारण सगळंच वाया गेलं असं म्हणणंही आळशीपणाचं आहे. २००१ मध्ये शाळेत जाणारी मुलं दहा लाखांच्या आत होती आणि मुली जवळजवळ नव्हत्याच. पुढे पटावर लाखो मुली आल्या. पट फुगवलेला होता, काही शाळा कागदावरच होत्या, हे मान्य करूनही बदल मोठा होता. २००३ पासून प्राथमिक आरोग्यसेवेचा एक ठरलेला संच बहुतेक प्रांतांत संस्थांमार्फत पुरवला गेला. बालमृत्यूचं प्रमाण दोन दशकांत निम्म्याच्या आसपास आलं. यात चमकदार इमारती फारशा नव्हत्या. लस, सुईण, ओआरएसची पुडी असलं साधं सामान होतं.

माझ्या मते सगळ्यात शिकण्यासारखा प्रयोग म्हणजे २००३ मध्ये सुरू झालेला राष्ट्रीय एकजूट कार्यक्रम. गावानं गुप्त मतदानानं एक विकास परिषद निवडायची, तिच्यात बायकांचाही सहभाग हवा. मग कुटुंबामागे २०० डॉलर या हिशेबानं, जास्तीत जास्त ६० हजार डॉलर गावाच्या हाती. काय करायचं ते गावानं ठरवायचं: हापसा, छोटं जलविद्युत यंत्र, कालव्याची दुरुस्ती. अट एकच, खर्चाचा दहावा हिस्सा गावानं पैशात, श्रमात किंवा सामानात घालायचा. आपल्या भाषेत लोकवर्गणी. योगायोग असा की त्याच वर्षी, या कार्यक्रमाला पैसा पुरवणाऱ्या जागतिक बँकेच्याच पैशावर महाराष्ट्रात जलस्वराज्य प्रकल्प सुरू झाला, आणि त्यातही गावानं दहा टक्के लोकवर्गणी भरायची होती. (आपल्याला ते कर्ज होतं, अफगाणिस्तानला अनुदान.) पाणीपुरवठा समितीच्या बैठकीत वर्गणी भरलेला माणूस कसा तावातावानं बोलतो हे ज्यानं ऐकलंय, त्याला या अटीमागचं तर्कशास्त्र वेगळं समजवावं लागत नाही. ज्यानं शंभर रुपये घातले तो पाइप कुठल्या कंपनीचा आला ते विचारतो.

अफगाणिस्तानात ही योजना तीस हजारांहून अधिक गावांत गेली. तिची तपासणीही नेटकी झाली. ५०० गावं घेतली, त्यातल्या निम्म्या गावांत चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवड करून योजना आधी दिली आणि उरलेल्यांशी तुलना केली. पिण्याचं पाणी आणि वीज सुधारली. बायकांचा गावच्या कामातला वावर वाढला आणि मुलींच्या शाळेला असलेला विरोध कमी झाला. सिंचन आणि रस्त्यांत फार फरक पडला नाही. सरकारबद्दल लोकांचं मत आधी सुधारलं, पण कामं संपल्यावर ते कौतुक ओसरलं. पाकिस्तान सीमेलगतच्या जिल्ह्यांत हिंसाचारावर काही परिणाम दिसला नाही. म्हणजे लोकवर्गणीनं हापसा टिकतो, युद्ध थांबत नाही. योजनेकडून दोन्हीची अपेक्षा केली गेली हा योजनेचा दोष नव्हे.

भारताची मदत तुलनेनं छोटी, सगळी मिळून तीन अब्ज डॉलरची. निमरूझ प्रांतातला झरंज ते देलाराम हा २१८ किलोमीटरचा रस्ता आपल्या सीमा रस्ते संघटनेनं बांधला. त्यासाठी अनेक अफगाण आणि काही भारतीय माणसांचा जीव गेला. हेरातमधलं सलमा धरण १९७० च्या दशकात सुरू होऊन युद्धात अडकलं होतं, ते भारतानं पूर्ण केलं आणि जून २०१६ मध्ये सुरू झालं: ४२ मेगावॉट वीज, ७५ हजार हेक्टरांना पाणी. काबूलला संसदभवन. शिवाय शाळकरी मुलांना बिस्किटं आणि चौतीसही प्रांतांत छोटी छोटी कामं. यात निव्वळ परोपकार होता असं कुणी समजू नये. झरंजचा रस्ता इराणच्या चाबहार बंदराकडे जातो, म्हणजे पाकिस्तानला वळसा घालून व्यापार. पण स्वार्थ उघड होता आणि कामं लोकांच्या उपयोगी पडली, त्यामुळे सर्वसामान्य अफगाण माणसाच्या मनात भारताबद्दल आपुलकी राहिली. पुण्यात शिकायला येणाऱ्या अफगाण मुलामुलींकडे पाहून हे अनेक पुणेकरांना माहीत आहे. कित्येक जण भारत सरकारच्या शिष्यवृत्तीवर यायचे. ऑगस्ट २०२१ नंतर आपण आधी दिलेले व्हिसा रद्द केले, तेव्हा करोनात घरी गेलेले अनेक विद्यार्थी तिकडेच अडकले. संसदभवन बांधण्यापेक्षा त्यांना परत आणणं कितीतरी स्वस्त पडलं असतं.

नळ बंद झाला तेव्हा

१५ ऑगस्ट २०२१ रोजी तालिबान काबूलमध्ये शिरले. त्यावेळी सरकारी खर्चातला सुमारे तीन चतुर्थांश हिस्सा परदेशी अनुदानातून येत होता. तो एका आठवड्यात थांबला. देशाच्या मध्यवर्ती बँकेची नऊ अब्ज डॉलरहून अधिक गंगाजळी परदेशात होती, त्यातली सात अब्ज न्यूयॉर्कमध्ये. ती गोठवली गेली. बँकेतून आठवड्याला २०० डॉलरच काढता येतील असा नियम झाला. शिक्षक, परिचारिका, शिपाई, सगळ्यांचे पगार बंद. त्या वर्षी अर्थव्यवस्था वीस टक्क्यांहून अधिक आक्रसली. हिवाळ्यात दोन कोटी अठ्ठावीस लाख लोकांना, म्हणजे निम्म्याहून जास्त देशाला, पुरेसं अन्न मिळणार नाही असा अंदाज आला. फौजेचं काय झालं ते आपण टीव्हीवर पाहिलं. कागदावर तीन लाखांची ती फौज. त्यातले कितीतरी शिपाई फक्त पगारपत्रकावर होते.

नजीबुल्लांच्या वेळी पैसा थांबून चार महिन्यांत सरकार पडलं होतं. या वेळी क्रम उलटा झाला, सरकार आधी पडलं आणि पैसा नंतर थांबला. पण मार सरकारपेक्षा लोकांना बसला, कारण वीस वर्षांत शाळा-दवाखान्यांचा रोजचा खर्चही त्याच नळाला जोडलेला होता. रेड क्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीनं मग ३३ रुग्णालयांचे पगार आणि औषधं काही काळ सांभाळली. संयुक्त राष्ट्रांनी विमानानं डॉलरच्या नोटांची बंडलं आणायला सुरुवात केली. त्या नोटांनी उपासमार आटोक्यात ठेवली, आणि हो, तालिबानच्या राजवटीत चलनही सावरलं. परोपकाराला असले दुहेरी परिणाम टाळता येत नाहीत.

इथे माझ्याच मांडणीला एक मोठं भोक पडतं, ते लपवण्यात अर्थ नाही. मी म्हणत आलो की सरकार कर घेऊन जगलं तर ते लोकांना बांधील राहील. तालिबान कर घेतात, आणि चोख घेतात. सीमेवरच्या जकात नाक्यांवरची गळती त्यांनी बरीच थांबवली. मदत नसताना वर्षाला दोन अब्ज डॉलरच्या आसपास महसूल गोळा केला. एप्रिल २०२२ मध्ये अफूवर बंदी घातली आणि वर्षभरात लागवड ९५ टक्क्यांनी घटली, जे अमेरिकेला अब्जावधी डॉलर खर्चून जमलं नव्हतं. (पर्यायी पीक न मिळालेल्या शेतकऱ्याचं काय झालं, हा वेगळा आणि दुःखाचा विषय.) त्याच राजवटीनं मुलींच्या माध्यमिक शाळा बंद केल्या, मग विद्यापीठं, मग स्वयंसेवी संस्थांतल्या बायकांची नोकरी. कर दिला म्हणून कुणाला बोलायचा हक्क मिळालेला नाही. त्यामुळे माझं विधान जरा आवरून मांडतो: परक्याच्या पैशावर चालणारं सरकार लोकांचं ऐकत नाही, हे बऱ्याच अंशी खरं आहे, पण लोकांच्या पैशावर चालणारं ऐकेलच असं नाही. त्यासाठी कर देणाऱ्याच्या हाती मत लागतं, आणि बंदुकीशिवाय भांडता येईल अशी एखादी जागा लागते. गावपरिषदा ही तशी एक छोटी जागा होती.

२०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेनं जगभरातली मदत रोखली, तेव्हा अफगाणिस्तानचा उरलेला मोठा दाताही गेला. दवाखाने बंद पडू लागले. त्याच वर्षी पाकिस्तान आणि इराणमधून वीस लाखांहून अधिक अफगाण माणसं परत पाठवली गेली, आणि ३१ ऑगस्टच्या रात्री कुनारमध्ये भूकंप होऊन दोन हजारांहून अधिक लोक गेले. ऑक्टोबरमध्ये तालिबानचे परराष्ट्रमंत्री अमीर खान मुत्तकी दिल्लीला आले. भारतानं काबूलमधल्या आपल्या कार्यालयाला पुन्हा दूतावासाचा दर्जा देण्याचं जाहीर केलं. भेट म्हणून वीस रुग्णवाहिकाही दिल्या. त्यांतल्या पहिल्या पाचांच्या किल्ल्या समारंभात हवाली झाल्या. पांढऱ्या, चकचकीत, नव्या कोऱ्या गाड्या. फोटो छापून आले. दोन वर्षांनी त्यांच्या टायरचा, डिझेलचा आणि चालकाच्या पगाराचा खर्च कोणत्या खात्यातून निघणार, हे त्या दिवशीच्या कुठल्याही बातमीत मला सापडलं नाही.